गावी जाण्याआधी पगाराची स्लिप समोर ठेवा

प्रश्न : मावशी, आम्ही घणसोलीत भाड्याने राहतो. मिस्टर बेलापूरला कोकण भवनात वरिष्ठ लिपिक आहेत. मूळ वेतन 30,500. सगळं कापून हातात 45 हजार येतात. भाडं 19 हजार, मुलीची शाळा आणि बस मिळून साडेपाच हजार, सासरी कराडजवळ दरमहा सहा हजार पाठवतो. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे सहा हजार येतात. नणंदेचं लग्न आणि गावच्या घराचा स्लॅब यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, त्याचे 8,500 पगारातूनच कापतात, अजून 26 हप्ते आहेत. महिन्याच्या वीस तारखेनंतर हात आखडतो. मिस्टर म्हणतात, तू आणि मुलगी तीन-चार वर्षं गावी राहा, मी इथे कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत नुसती खाट भाड्याने घेऊन राहतो, पैसे साठले की घर घेऊ. सासूबाईंना वाटतं, सरकारी नोकरी असून परवडत नाही हे माझंच सोंग आहे, आणि वर दुसरं मूल कधी म्हणून विचारतात. मी 32 वर्षांची आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. मी गावी जाऊ का?

— एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, माझं उत्तर आहे, जाऊ नका. निदान या हिशोबावर तर नाहीच. तुमच्या घरात खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी तुम्हा दोघींना घरातून वजा केलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्या मिस्टरांच्या मनात वाईट काही नसणार. दमलेला माणूस जे पहिलं दिसतं ते बोलून जातो. पण त्यांनी हा हिशोब कागदावर मांडलेला दिसत नाही, म्हणून तो आपण मांडू.

तुम्ही गावी गेलात तर भाड्याचे 19 हजार वाचतील. वीज, गॅस, इंटरनेट धरून आणखी दोन हजार धरा. झाले 21. आता मिस्टरांचा इथला खर्च बघा. कॉटचे पाच हजार, मेसचे चार, महिन्यातून दोनदा कराडला येण्याजाण्याचे दोन. तुमच्या शिकवण्या बंद होणार, ते सहा हजारही गेलेच. 21 मधून 17 गेले, उरले चार हजार. मुलीच्या इथल्या शाळेचे आणि बसचे साडेपाच हजार वाचतील म्हणाल, पण तिला तिथे एखाद्या खासगी शाळेत घातलंत आणि व्हॅन लावलीत, तर त्यातलेही बरेच जातील. एवढ्यासाठी ती मुलगी पहिली ते चौथीपर्यंत बापाला महिन्यातून दोन रविवार बघणार, आणि तुम्ही त्याच घरात राहायला जाणार जिथे आधीच तुमच्यावर संशय आहे. तीन-चार वर्षांत या चार हजारांतून नवी मुंबईत घर उभं राहत नाही. कागदावर एवढं मांडलंत की मिस्टर स्वतःच मागे सरतील, असं मला वाटतं.

आता खरी गळती कुठे आहे ते बघू. 45 हजार हातात येतात असं तुम्ही लिहिलंत, पण तुमचा पगार 45 नाही. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता धरून तो 59 हजारांच्या आसपास जातो. त्यातले साधारण 4,700 निवृत्तिवेतन योजनेत जातात. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के तुमचे, त्यावर 14 टक्के शासनाचे. ही कपात डोळ्यांत खुपू देऊ नका, ते तुमच्या म्हातारपणाचे पैसे आहेत. उरलेली मोठी कपात म्हणजे पतसंस्थेचे 8,500. तुमच्या ओढाताणीतला फार मोठा वाटा लग्नाच्या मांडवाचा आणि गावच्या स्लॅबचा आहे, आणि तो पगार खात्यात यायच्या आधीच कापला जात असल्यामुळे घरात कुणाला दिसत नाही.

दुसरी गळती भाड्याची. घरभाडे भत्ता आपल्या भागात 30 टक्के आहे हे ऐकायला भरपूर वाटतं, पण तो फक्त मूळ वेतनावर निघतो. तुमच्या बाबतीत 9,150 रुपये. भाडं 19 हजार. म्हणजे दरमहा 9,850 तुम्ही पदरचे घालता. शिवाय दर जुलैची वेतनवाढ 3 टक्क्यांची, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक 5 नाहीतर 10 टक्के वाढवून मागतो. ही दरी वर्षागणिक रुंदावतच जाणार. तुम्ही कितीही काटकसर केलीत, डाळीत पाणी वाढवलंत, तरी ती किराण्यातून भरून निघणार नाही. तेव्हा वीस तारखेनंतर हात आखडतो यात तुमच्या संसाराच्या हिशोबाची चूक नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या पत्रात अपराधीपणा फार आहे.

मग करायचं काय? मिस्टरांचं ऑफिस बेलापूरला आहे, मग घणसोलीलाच का राहायचं? नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू आहे. पेंधर, तळोजा, खारघरची शेवटची सेक्टर्स या पट्ट्यात वन बीएचकेचं भाडं घणसोलीपेक्षा बरंच कमी आहे. मिस्टरांना ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लोकलच्या गर्दीत उभं राहावं लागणार नाही. मुलीची शाळा जूनमध्ये तशीही बदलण्याजोगी आहे, तेव्हा एप्रिल-मे हाच काळ योग्य. मात्र दलालाच्या भरवशावर घर ठरवू नका. त्या भागात पाण्याची ओरड असते, उन्हाळ्यात टँकर लागतात. सकाळी सातच्या सुमाराला जा, बिल्डिंगमधल्या बायकांना विचारा की पाणी किती वेळ येतं आणि टँकरचे पैसे कोण भरतं. पेंधर स्टेशनपासून घरापर्यंत पायी जाऊन बघा, रिक्षा लागत असेल तर तो खर्च भाड्यात मिळवा. दलाली, टेम्पो आणि नवं डिपॉझिट एकदम अंगावर येईल, म्हणून जुन्या घरमालकाकडून डिपॉझिट कोणत्या तारखेला मिळणार हे आधी लेखी घ्या. शिकवण्या तिथे पुन्हा जमवायला दोन-चार महिने जातील. तेवढी कळ काढावी लागेल.

शाळेबद्दल माझं ठाम मत आहे. जवळपास चांगली अनुदानित शाळा असेल, सेमी इंग्रजी असेल, तर बिनधास्त घाला. तिथल्या शिक्षकांचा पगार शासन देतं म्हणून फी कमी असते, शिकवणं कमी असतं म्हणून नाही. तुम्ही स्वतः दुसऱ्यांची मुलं शिकवता. तुमच्या मुलीला घरात रोज शिकवणारी आई आहे, आणि गावी जाऊन मन मारून बसलेली आई तिच्या काय कामाची?

कर्जाचे 26 हप्ते. इथे मिस्टरांकडून एक शब्द घ्या. थोडे हप्ते फिटले की ऑफिसात कुणीतरी सुचवतंच की जुनं मिटवून नवं मोठं उचल, सोसायटी देते. ते करायचं नाही. आठव्या वेतन आयोगाच्या आशेवरही काही उचलायचं नाही. सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला, पण राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष पगारात तो 2019 मध्ये आला आणि थकबाकी पाच हप्त्यांत, वर्षांवर्षांनी मिळाली. तुमच्या मिस्टरांना हे चांगलं आठवत असेल. आणि कुणाला जामीन राहिले असतील तर तेही विचारून घ्या. जामीनकीची गोष्ट बायकांना बहुतेक वेळा कपात सुरू झाल्यावरच कळते.

घराचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. म्हाडाचं कोकण मंडळ आणि सिडको यांच्या घरांच्या सोडतींकडे लक्ष ठेवा. मुंबई महानगर प्रदेशात पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न सहा ते नऊ लाख असेल तर अल्प उत्पन्न गट धरतात, तुम्ही त्यात बसता. म्हाडात राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा राखीव गटही असतो. अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्र आत्तापासून तयार ठेवा, जाहिरात आल्यावर धावाधाव होते. नंबर लागला नाही तर अनामत परत मिळते. फक्त ती अनामत भरायलाही कर्ज काढायचं नाही.

आता सासरचं. सहा हजार पाठवणं बंद करू नका. म्हाताऱ्या माणसांचा तो हक्क आहे. पण लग्न, बारसं, मोटार जळली, पाइपलाइन फुटली, असं वरचं जे निघतं त्याला 26 महिने नाही म्हणावं लागेल, आणि ते नाही मिस्टरांच्या तोंडून यायला हवं. तुम्ही म्हणालात तर सुनेनं मुलगा तोडला असं होईल. सेवार्थ या शासनाच्या पगाराच्या संकेतस्थळावरून स्लिप काढा, भाड्याच्या कराराची झेरॉक्स सोबत घ्या आणि पुढच्या खेपेला मिस्टरांनी ती वडिलांच्या हातात द्यावी. सासऱ्यांनी स्लिप डोळ्यांनी बघितलेली नाही, त्यांना फक्त मुलगा कोकण भवनात आहे एवढंच माहीत आहे. गावात त्या नोकरीचा जो मान आहे तो टिकवायला तुमचे मिस्टर आजवर कर्ज काढत आले. स्लिप दाखवायला त्यांना जड जाईल. तुम्ही सोबत जा, पण बोलू त्यांनाच द्या.

दुसऱ्या मुलाचा निर्णय तुम्हा दोघांचाच आहे. तुम्हाला हवं असेल तर कर्ज फिटायची वाट बघा. तेव्हा तुम्ही 34 वर्षांच्या असाल, तोवर एकदा डॉक्टरांना तब्येत दाखवून ठेवा. नको असेल तर एकीवर थांबा, त्यात स्वार्थ नाही. सासूबाईंनी पुन्हा विचारलं तर उत्तर त्यांच्या मुलाला देऊ द्या. पण हे सगळं बोलण्याआधी या रविवारी वही घेऊन मिस्टरांसमोर बसा, वर लिहिलेला 21 आणि 17 चा हिशोब त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि पेंधरला घर बघायला दोघं मिळून जा.