शॅडो बॉक्सिंग करताना ठोसा मारायची बरोबर पद्धत कोणती? माझं कोपर का दुखतं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोत राहता, सकाळी गच्चीवर मोबाइलवर व्हिडिओ लावून शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, करता, हातात एकेक किलोचे डंबेल धरता, आणि हल्ली क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना उजव्या कोपराच्या मागे कळ येते. कोपर कमजोर आहे की ठोसा चुकतोय, हा तुमचा प्रश्न. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पोरापोरींना शिकवताना ही तक्रार मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा कोपराचा काही दोष नसतो. ठोसा सोडायला सगळे शिकतात, थांबवायला कुणी शिकवत नाही.

डंबेल आजपासून बाजूला ठेवा.

सँडबॅगवर ठोसा बसतो तेव्हा हाताचा वेग बॅग खाऊन टाकते. हवेत समोर काहीच नसतं, मग तो वेग अडवायचा कुणी? दंडाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी अडवला तर ठीक. नाही अडवला तर हात शेवटपर्यंत ताणला जातो आणि कोपराचं मागचं हाड दंडाच्या हाडातल्या खोबणीत जाऊन आदळतं. एकदा आदळलं तर कळतही नाही. पण रोज शेकडो ठोसे तसेच गेले की तिथे दुखायला लागणारच. हातात डंबेल असलं की अडवायचं वजन वाढतं, म्हणजे तोच मार आणखी जोरात. शिवाय डंबेल ओढतं खाली आणि ठोसा जायला हवा समोर. त्यामुळे खांदा भरून येतो, ठोशात जोर मात्र येत नाही, उलट मूठ थोडी खालून जायची सवय लागते. काही बॉक्सर हलकी डंबेल घेऊन सराव करतात हे खरं आहे, पण ठोशाचा रस्ता अंगात भिनल्यावर, थोडा वेळ, सावकाश.

म्हणून शॅडो बॉक्सिंगपुरतं एक पक्कं धरा: मूठ परत गालाशी आल्याशिवाय ठोसा पूर्ण होत नाही. जाणं आणि येणं मिळून एक ठोसा. हात पूर्ण सरळ व्हायच्या किंचित आधी तो परत निघालेला असला पाहिजे, तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर हात मागे येतो तसा. कोपरात शेवटी थोडा बाक शिल्लक राहू द्या. आणि सगळी ताकद लावू नका. हवेत जोर काढून काहीच मिळत नाही, तो बॅगसाठी ठेवा. इथे कमवायचा आहे तो रस्ता, तोल आणि वेळ.

आता उभं कसं राहायचं ते. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, पंजा थोडा उजवीकडे वळलेला. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, पण दोन्ही पाय एकामागे एक सरळ रेषेत नकोत, नाहीतर बाजूने साधा धक्का बसला तरी तोल जातो. उजवी टाच जमिनीपासून बोटभर वर, गुडघे सैल. हनुवटी खाली. मुठी गालाच्या हाडांशी, कोपरं बरगड्या झाकून. डावखुरे असाल तर हे सगळं उलट, डावखुऱ्या पद्धतीने लढणारा बॉक्सर मॅनी पॅकियाओ उभा राहायचा तसं.

मूठ वळताना अंगठा बाहेर, बोटांच्या वर आडवा. अंगठा आत घालून मूठ वळणारे नवीन लोक मी अजूनही बघतो, बॅगवर असा एक ठोसा बसला तर अंगठा जायचा. तर्जनी आणि मधल्या बोटाचे मुळाशी वर येणारे सांधे ठोशाच्या टोकाला यायला हवेत. मनगट सरळ, हाताच्या पाठीपासून कोपरापर्यंत एक रेघ. मात्र मूठ सतत आवळून ठेवू नका. निघताना सैल, पोचताना क्षणभर घट्ट, परतताना पुन्हा सैल. आवळलेल्या मुठीने दंड आणि खांदाही आवळला जातो, आणि हात जड पडतो.

जॅब डाव्या हाताचा, सरळ. मूठ गालापासून निघते ती नाकासमोरच्या रेषेत जाते, शेवटच्या टप्प्यात वळते आणि तळवा जमिनीकडे होतो. त्याच वेळी डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकतो. ज्या रेषेत गेली त्याच रेषेत परत. परतताना मूठ कमरेकडे घसरते ही सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट, आणि रिंगमध्ये तिची किंमत लगेच मोजावी लागते. जॅबसोबत पुढचा पाय छोटं पाऊल टाकतो, मागचा लगेच तेवढाच सरकतो. जॅबचं इतकंच. रोज मारत राहिलात तर तो सुधारतो.

तुमचं दुखणं क्रॉसमध्ये आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहितो. क्रॉस उजव्या हाताचा दिसतो, पण तो निघतो उजव्या पायातून. चवडा जमिनीवर रुतवून टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. त्यामागे गुडघा, कंबर, खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतं, पण नाक पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही. हे सगळं फिरलं तर हाताला फार काही करावं लागत नाही. पाय आणि कंबर नाही फिरली तर कमी पडलेलं अंतर हात ताणून भरून काढतो, आणि कोपराचं दुखणं तिथेच सुरू होतं. तुमचं उजवंच कोपर दुखतंय, डावं नाही, यावरून मला वाटतं की तुमची टाच फिरत नसणार.

हे तपासायला आरसा लागत नाही. आमच्याकडे एक मुलगी येते. तिचा क्रॉस दिसायला जोरदार होता, पण तिचंही कोपर धरायचं. तिला ट्रॅकच्या कडेच्या भुसभुशीत मातीत उभं केलं, सावकाश क्रॉस मारायला लावले आणि मग पाय उचलून खाली बघायला सांगितलं. मातीत बुटाचा स्वच्छ ठसा होता, नक्षीची रेघन् रेघ दिसत होती. म्हणजे पाय जागचा हललाच नव्हता. मग हात गालाशीच ठेवून नुसती टाच आणि कंबर फिरवायची, असं बराच वेळ करून घेतलं. त्यानंतर हात सोडून क्रॉस मारला तेव्हा चवड्याच्या जागी माती घोटली गेली होती आणि टाचेच्या बाजूला अर्धगोल ओरखडा उमटला होता. तो ओरखडा दिसायला हवा. तुमच्या गच्चीवर माती नसेल, तर फरशीवर पातळ धूळ किंवा थोडी वाळू चालेल, पण अगदी थोडी, घसरायला नको.

आणि बुटांकडे बघा. गच्चीचा कोबा खरखरीत असला आणि पायात जाड सोलचे रनिंग शूज असले, तर चवडा चिकटून बसतो. कंबर फिरते, पाय फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सपाट, पातळ सोलचे कॅनव्हास बूट बरे. पावसाळ्यात आपल्याकडच्या गच्च्यांवर शेवाळ धरतं, ते दिवस घरातच करा. आणि कडाक्याच्या थंडीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की अंग तापवल्याशिवाय एकही ठोसा नको. दोरीवरच्या उड्या, खांदे फिरवणं, सावकाश जॅब, कपाळावर घाम दिसेपर्यंत.

कोपर बाहेर फाकतंय का, हे भिंतीने कळतं. भिंत उजव्या हाताला, साधारण वीतभर अंतरावर येईल असे उभे राहा आणि सावकाश क्रॉस मारा. कोपर भिंतीला घासलं तर ते ठोशाच्या मागे नाही, बाजूला आहे. मूठ जाते त्याच रेषेत कोपर मागून गेलं पाहिजे. मैदानावर असाल तर सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे पाठ करा, समोरच्या लांब सावलीत फाकलेली कोपरं लगेच दिसतात.

हूकमध्ये, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशात, उलट कोपर उचलायचं असतं: काटकोनात वाकलेलं, मुठीच्या उंचीला. डाव्या हूकला डाव्या पायाचा चवडा आतल्या बाजूला फिरतो आणि अंग एकत्र वळतं. हात वेगळा फेकायचा नाही. मूठ आपल्या नाकासमोरच्या रेषेत आली की थांबायचं, पलीकडे वाहून गेलात तर तोल गेला. मोहम्मद अलीचे व्हिडिओ बघून पोरं हात खाली सोडायला लागतात, म्हणून त्यांना मी 8 मार्च 1971 ची न्यूयॉर्कमधली लढत दाखवतो. पंधराव्या राउंडमध्ये जो फ्रेझरचा डावा हूक बसला तेव्हा अलीचा उजवा हात गालाशी नव्हता, आणि अलीसारखा माणूस पाठीवर पडला. एक हात मारत असताना दुसरा गालाला टेकलेलाच हवा, हवेत मारत असलात तरीही. अपरकटला, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशाला, गुडघे किंचित वाकवून पायांनी वर ढकलायचं, मूठ खाली कमरेपर्यंत नेऊन झोका घ्यायचा नाही.

प्रत्येक ठोशासोबत छोटा श्वास बाहेर, दात मिटून, ‘श्श’ असा. श्वास रोखून चार ठोसे मारले की पाचव्याला खांदे कानाशी येतात.

किती वेळ? हौशी बॉक्सिंगमध्ये 3 मिनिटांचे 3 राउंड आणि मध्ये 1 मिनिट विश्रांती असते. तुम्हीही तेवढंच करा, पण तीनही राउंड सारखे नकोत. पहिल्यात नुसते पाय आणि गार्ड, म्हणजे गालाशी धरलेले हात. दुसऱ्यात फक्त जॅब, मग जॅब-क्रॉस. तिसऱ्यात समोर माणूस आहे असं धरा: तो मारतोय, तुम्ही डोकं बाजूला घेताय, मग मारताय. कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीला बांधून तिच्याखालून इकडून तिकडे गुडघ्यांत वाकत जाणं हा याच राउंडचा भाग. व्हिडिओतल्या माणसाच्या वेगाशी शर्यत लावू नका. तो एडिट केलेला असतो, आणि मोबाइलकडे बघायला मान वळली की हनुवटी उघडी पडते.

कोपरासाठी सध्या उजवा हात हवेत सरळ मारू नका. टाच-कंबर फिरवायचा सराव हात गालाशी ठेवून चालू ठेवा, डाव्याचा जॅब निम्म्या वेगाने. कळ पूर्ण थांबली की क्रॉस सुरू करा, आधी एकदम सावकाश. सूज असेल, हात सरळ होत नसेल, कोपर मध्येच अडकत असेल किंवा आराम करूनही दुखत राहिलं, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मालिश करून ओढून घेऊ नका.

क्लास लावावा का, हेही तुम्ही विचारलंय. लावा. प्रवेश घेण्याआधी एक सकाळ बाजूला बसून बघा. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी ग्लोव्हज चढवून पॅडवर मारायला लावत असतील तर दुसरीकडे बघा. पायांवर, स्टान्सवर, पोरं कंटाळेपर्यंत वेळ घालवत असतील तर तिथे नाव घाला, आणि आत गेल्या गेल्या कोपराचं सांगून टाका.