नीटला गुण कमी पडले. कर्ज काढून खासगी कॉलेजात बीडीएस (दाताची डॉक्टरकी) करावं की बीएससी नर्सिंग? खर्चाच्या दृष्टीने काय परवडेल?

नर्सिंग. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेला ब्रदर आहे, सरकारी रुग्णालयात अधिपरिचारक (स्टाफ नर्स). तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचं वाचा.

फीचा तक्ता सगळेच बघतात. तक्त्यात नसलेला खर्च मी मामेभावाच्या बीडीएसमध्ये बघितला. आम्ही दोघं एकाच वर्षी बारावी झालो. मामांनी त्याच्यासाठी रस्त्याकडेची जमीन विकली, आणि मला चारचौघांत विचारलं, "तू बायकांचं काम करणार होय रे?"

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, हत्यारं आपली आपण घ्यायची. शेवटी शेवटी तर 'कोटा' असतो. इतक्या कवळ्या, इतके रूट कॅनाल झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पेशंट आपणच शोधून आणायचे. हा पठ्ठ्या गावातली बोळकी म्हातारी माणसं एसटीत घालून न्यायचा. तिकीट, चहा-नाश्ता, बऱ्याचदा कवळीचे पैसेही त्याच्याच खिशातून. आमच्या आजीची कवळी त्याच कोट्यातली. ती कधी नीट बसलीच नाही, आजी ती डबीत ठेवते आणि लग्नकार्यापुरती घालते.

पास झाल्यावर दुसऱ्याच्या क्लिनिकात पंधरा हजारांवर राबला. स्वतःचं टाकायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, गाळ्याचं डिपॉझिट. पुन्हा मामांपुढेच हात.

तुमच्याकडे विकायला जमीन नाही, कर्ज आहे. मग हिशेब कागदावर मांडा. वर्षाला ५ लाख असे चार वर्षं उचलले आणि १० टक्के सरळव्याज धरलं, तरी वर्षाची इंटर्नशिप आणि त्यानंतर हप्ते न भरण्याची वर्षभराची सवलत संपेपर्यंत २० चे २९ लाख होतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ३८ हजारांच्या वर. शिवाय साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घर अडकलं.

आमच्या पदाची राज्य सरकारी वेतनश्रेणी महिना ३५,४०० ते १,१२,४००, वर महागाई भत्ता. बीएससीला चार वर्षं, जीएनएमला तीन. ज्यांना हे 'बायकांचं काम' वाटतं त्यांनी एकदा नाइटला येऊन चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळून दाखवावा.

आता दुसरी बाजूही सांगतो. सरकारी भरती रोज निघत नाही. तोवर खासगीत मिळणारा पगार सांगायला लाज वाटेल असा असतो. एम्सच्या नर्सिंग भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, तुम्ही मुलगा असाल तर हे ध्यानात ठेवा. मुलगी असाल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याची शुल्कमाफी आहे. ती लागू झाली तर बीडीएसचं गणित पार बदलतं, अटी आधी वाचून घ्या. आणि घरात चालता दाताचा दवाखाना असेल तर मी वर लिहिलेलं सगळं सोडा, बीडीएसच करा.

लग्नाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण घरचे काढतीलच. माझ्या बायोडेटात मामांनी 'मेडिकल लाइनमध्ये' असं लिहायला लावलं होतं. मी ते खोडून 'नर्स, सरकारी नोकरी' असं लिहिलं. एका स्थळाने परस्पर नकार कळवला. पुढच्यांनी पगाराची स्लिप मागितली, ती दिली.