पहिली स्लीपिंग बॅग घेताना

ठाण्यात बसून डोंगरातल्या थंडीचा अंदाज येत नाही, म्हणून आधी जायचं कुठे ते ठरव. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो, वर कोकणकड्याचा वारा. तिथे ५ अंश ‘कम्फर्ट’ची, म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत आरामात झोप लागेल अशी बॅग पुरते. लेबलवर ‘कम्फर्ट’चाच आकडा बघ, ‘एक्स्ट्रीम’चा आकडा झोपेचा नाही, कसाबसा जीव वाचवण्याचा आहे.

डाऊनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांच्या भरणाची बॅग हलकी, पण महाग, आणि भिजली की ऊब गेली. आपल्याकडे दव पडतं, त्यामुळे पहिली बॅग सिंथेटिकच (कृत्रिम धाग्यांच्या भरणाची) घे, दीड किलोच्या आतली, ममी आकाराची, म्हणजे पायाकडे निमुळती. दुकानात आत शिरून चेन गळ्यापर्यंत ओढून बघ. कापड अडकतं का? चेनच्या आतून भरीव पट्टी आहे का? ती नसेल तर रात्रभर तिथूनच गार लागत राहतं.

थोडे पैसे मॅटसाठी राखून ठेवच. अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, जमीन अंगातली उष्णता ओढून घेते.

ट्रेकहून आल्यावर बॅग नीट वाळव आणि सैल पिशवीत ठेव, कोंबून नको. हिमालयाचा बेत ठरला तर तेवढ्यापुरती जाड बॅग भाड्याने घे.