गमशील्डला रक्त लागतं म्हणून गमशील्ड बंद करू नका

ताई, तुमची लेक १३ वर्षांची, बॉक्सिंग करते, सरावानंतर गमशील्डच्या (ठोशांपासून दात वाचवायला तोंडात घालतात त्या कवचाच्या) आतल्या बाजूला रक्त दिसतं आणि पाळी सुरू झाल्यापासून ते वाढलंय. सर म्हणतात "या वयात होतंच", सासूबाई म्हणतात "ते प्लास्टिक तोंडात घालायचंच नाही". मी दंतवैद्य आहे आणि खेळणाऱ्या मुलामुलींची तोंडं बरीच पाहिली आहेत. सर अर्धे बरोबर आहेत. सासूबाईंचं मात्र ऐकू नका.

आधी हार्मोन्सचं. वयात येताना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतं. त्याने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव जास्त झिरपतो. शिवाय हिरड्यांच्या कडेला राहणाऱ्या काही जिवाणूंना ही हार्मोन्स चक्क खाद्यासारखी लागू पडतात, हे प्रयोगशाळेत १९८२ मध्येच दिसलं होतं. पण हार्मोन्स स्वतःहून हिरड्या सुजवत नाहीत. सुजवतो तो दातांवरचा चिकट थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो. डेन्मार्कमध्ये १९६५ साली १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. पाळीच्या वयात एवढंच होतं की एरवी जेवढा थर हिरड्या निभावून नेतात, तेवढ्यालाच आता रक्त येतं. म्हणून "वयात येतेय, होतंच" म्हणून सोडून देणं मला पटत नाही. रक्त येतं तिथला ब्रश टाळला की थर वाढतो आणि रक्तही वाढतं. मऊ ब्रश, दोन वेळा, हिरडीच्या कडेला तिरका धरून. सुरुवातीला रक्त येईल, तरी घासायचं.

आता गमशील्ड. आरशासमोर उभं करून रक्त नेमकं कुठून येतं ते पाहा. दोन दातांच्या मधल्या त्रिकोणी हिरडीतून येत असेल तर तो प्लाक. गमशील्डची कड जिथे टेकते तिथेच ओरखडा किंवा पांढरट जखम असेल तर दोष गमशील्डचा. दुकानात मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावून बसवायचं गमशील्ड या वयात फार दिवस नीट बसतही नाही, कारण सुळे आणि मागच्या दुसऱ्या दाढा साधारण याच सुमाराला येतात. सैल झालं की मुलं ते दातांनी दाबून धरतात आणि कड हिरडीत रुतते.

तरीही घालायचंच. न्यूझीलंडमध्ये रग्बीत ते सक्तीचं केल्यावर १९९५ ते २००३ या काळात दातांच्या दुखापतींच्या भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. वेगवेगळ्या खेळांतले अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की गमशील्डशिवाय खेळणाऱ्याला दात-तोंडाच्या दुखापतीचा धोका १.६ ते १.९ पट असतो. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून गमशील्ड वाचवतं, असं विक्रेते सांगतात. त्याला तसा भक्कम पुरावा नाही. बॉक्सिंगमध्ये तर स्पर्धेत लाल रंगाचं गमशील्ड चालतच नाही, रक्त लपू नये म्हणून. घरीही पारदर्शक किंवा पांढरंच घ्या, कारण उद्या रक्त कमी होतंय की वाढतंय ते तुम्हालाच दिसायला हवं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग धुण्याचा. घामट ग्लोव्हजच्या बॅगेत कोंबलेल्या गमशील्डवर जिवाणू आणि बुरशी मस्त वाढते, आणि तेच दुसऱ्या दिवशी सुजलेल्या हिरड्यांवर बसतं. सराव संपला की गार पाणी, थोडा साबण, वेगळा ब्रश, आणि भोकं असलेल्या डबीत कोरडं ठेवायचं. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. आणि गमशील्ड तोंडात असताना एनर्जी ड्रिंक नको: साखर दातांना चिकटून राहते, लाळ तिथे पोचत नाही. खेळाडूंची तोंडं चांगली असतात हा गैरसमजच आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये, २०१२ साली, तपासलेल्या ३०२ खेळाडूंपैकी निम्म्याहून जास्त जणांचे दात किडलेले होते आणि तीन चतुर्थांशांच्या हिरड्या सुजलेल्या.

कुणी मिश्री लावायला सांगेल. ती भाजलेली तंबाखूच आहे, अजिबात नको. तुरटीच्या गुळण्यांनी रक्त तात्पुरतं थांबेल, थर तसाच राहील.

एक गोष्ट मात्र नीट विचारा. पाळीत तिच्या अंगावरून खूप जास्त जातं का? दर तासाला पॅड बदलावं लागतं, आठवडा उलटला तरी थांबत नाही, घोळणा फुटतो, न लागता अंगावर निळे डाग उठतात? यातलं काही असेल तर हिरड्यांवर न थांबता फिजिशियनकडे न्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. व्हॉन विलेब्रँड नावाचा रक्तस्रावाचा आजार बऱ्याच मुलींत पाळी सुरू झाल्यावरच लक्षात येतो, आणि ठोसे खाणाऱ्या मुलीत तो माहीत असणं गरजेचं आहे. न घासताही हिरड्यांतून रक्त येत असेल, हिरड्या फुगून दातांवर चढत असतील, मुलगी फिकट आणि थकलेली दिसत असेल, तरीही थांबू नका, फिजिशियनकडे न्या.

हे काही नसेल तर दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या. साफ केल्याने दात हलतात ही भीती सोडा; कीटण निघाल्यावर फटी दिसतात, एवढंच. मापाचं गमशील्ड करून घ्यायचं असेल तर ते नंतर. सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर सूज उतरल्यावर ते सैल होतं. दोन-तीन आठवडे नीट घासू द्या, रक्त थांबू द्या, मग माप द्या. तोवर जुन्याची टोचणारी कड डॉक्टरांकडून घासून घ्या आणि तिला रिंगमध्ये जाऊ द्या.