जुन्या बाजारातून गंजलेली बिडाची कढई आणलीय, घरी ओव्हन नाही, तर नानकटाई होईल का?

हो, मस्त होते! आधी कढई उलटी धरून बोटाने टकटक करून बघ, खणखणीत वाजली तर चांगली, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असणार, ती सोडूनच दे. गंज असेल तर निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर घालून अर्धा तास, जास्त नाही, मग तारेच्या घासणीने घासायचं, धुवून लगेच गॅसवर कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवून कापडाने जवळजवळ सगळं पुसून काढायचं, जाड थर राहिला की चिकट होतो, मग धूर येईपर्यंत तापव, असं तीन-चारदा.

नानकटाईला १ वाटी मैदा, पाव वाटी बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी थिजलेलं तूप, वेलची. तूप-साखर पांढरी हलकी होईपर्यंत फेटायची, इथे घाई नको प्लीज. मग मैदा, बेसन, वेलची मिसळून मळायचं आणि छोटे चपटे गोळे करून ताटलीत ठेवायचे. कढईत स्टँड, झाकण, मंद गॅसवर १० मिनिटं तापव, मग नानकटाईची ताटली स्टँडवर ठेवून, झाकण लावून साधारण २० मिनिटं. बीड उष्णता धरून ठेवतं म्हणून कडा जरा बदामी दिसल्या की गॅस बंद, गरम असताना मऊच लागते, गार झाली की खुसखुशीत होते.