कमी डोस, मग खर्च चौपट कसा?

प्रश्न: यजमानांचं वय 52. पाच आठवड्यांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये तिसरी स्टेज, टी3 (गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली त्याचा दर्जा), दोन लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींमध्ये) कॅन्सर. डॉक्टरांनी सहा महिने केमो सांगितली आहे, ऑक्झॅलिप्लॅटिन सलाईनमधून आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. यजमान घड्याळं दुरुस्त करतात. बोटं बधिर होतील या धास्तीने ते केमोला तयार नाहीत. एका क्लिनिकने इन्सुलिन देऊन नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या डोसची केमो आणि सोबत व्हिटॅमिनची सलाईन असं बारा आठवड्यांचं पॅकेज सुचवलं आहे. पैसे सगळे आगाऊ. विमा ते मानत नाही. हॉस्पिटलमध्ये आमच्या खिशातून जाईल त्याच्या चौपट रक्कम होते. निवृत्तीची ठेव मोडली आणि घरावर कर्ज काढलं तर जमेल. काढू का?

उत्तर: ताई, ठेव मोडू नका आणि घरावर कर्जही काढू नका. कोणतं औषध घ्यावं हे मी ठरवू शकत नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण एवढी मोठी रक्कम देऊन हाती नेमकं काय पडणार हे तपासणं माझं काम आहे, आणि ते मी केलं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, तरी तिसऱ्या स्टेजला केमो देतात ती मागे राहिलेल्या, न दिसणाऱ्या पेशींसाठी. तिने फरक पडतो हे बऱ्याच वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. 1990 साली 929 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतर फ्लुरोयुरॅसिल आणि लेव्हामिसोल ही औषधं दिल्यावर कॅन्सर परत येण्याचा धोका 41 टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण 33 टक्क्यांनी घटलं. तुमच्या यजमानांना सांगितलेली औषधं त्याच्या पुढच्या पिढीतली आहेत. म्हणजे हॉस्पिटलच्या बिलाच्या बदल्यात काय मिळतं हे मोजून ठेवलेलं आहे.

क्लिनिकच्या पॅकेजचं तसं नाही. इन्सुलिनने पेशींची दारं उघडतात, मग थोडं औषधही पुरतं, ही कल्पना 1930च्या दशकापासून चालत आलेली आहे. तिच्या बाजूने नेहमी दाखवला जातो तो अभ्यास पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 30 स्त्रियांवरचा, आणि त्यातलं औषध मेथोट्रेक्सेट. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणून काय करावं, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिवाय इन्सुलिनने साखर एकदम खाली येऊ शकते. तशा वेळी दवाखान्यात भरती करावं लागलं तर ते बिल कुणाचं, हे पॅकेजच्या कागदावर लिहिलेलं आहे का?

आता कमी डोसच्या केमोबद्दल, कारण क्लिनिकवाले तुम्हाला सांगतील की मोठी हॉस्पिटलंही ती देतात. खरं आहे, देतात. त्याला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात, हे नाव 2000 साली रूढ झालं. थोडं थोडं औषध सतत देत राहायचं, म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवर मारा होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्यांची तुलना सलाईनमधून द्यायच्या सिस्प्लॅटिन या औषधाशी केली. 422 रुग्ण होते. गोळ्यांच्या गटातले निम्मे रुग्ण 7.5 महिन्यांहून जास्त जगले, सिस्प्लॅटिनच्या गटातले निम्मे 6.1 महिन्यांहून जास्त. जठर-अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या अशक्त रुग्णांमध्ये 60 टक्के डोस आजार रोखण्यात पूर्ण डोसपेक्षा मागे पडला नाही आणि त्रास कमी झाला, असं 2021 साली ब्रिटनमधल्या 514 रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. पण या दोन्ही ठिकाणी कॅन्सर बरा करणं हा हेतू नव्हता. आहे तो काळ लांबवायचा आणि सुसह्य करायचा होता. नाक-घशाच्या कॅन्सरमध्ये 406 रुग्णांना वर्षभर थोड्या डोसची कॅपेसिटाबिन देऊन पाहिली. तीन वर्षांनी आजार न परतलेले 85.3 टक्के, न दिलेल्यांत 75.7. पण ती पूर्ण उपचार संपल्यावर वरून दिली होती. पूर्ण उपचारांच्या जागी नव्हे. पॅकेज विकणारा ही ओळ गाळतो.

बरं होण्याची शक्यता असताना डोस उगाच कापला तर काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. इटलीतल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचा वीस वर्षांचा पाठपुरावा 1995 साली छापून आला. ठरलेल्या डोसच्या 85 टक्के किंवा जास्त ज्यांना मिळाला त्यांना केमोचा स्पष्ट फायदा झाला. 65 टक्क्यांपेक्षा कमी मिळालेल्यांची गत फक्त ऑपरेशन केलेल्यांसारखीच राहिली. तुमच्या समोरचं पॅकेज 10 टक्क्यांचं आहे. कॅन्सर वेगळा, औषधं वेगळी, म्हणून आकडा जसाच्या तसा लावू नका, पण चौपट पैसे देण्याआधी तो माहीत असावा.

आता बोटं. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा आर्थिक प्रश्न हाच आहे. घड्याळजीच्या बोटांवर घर चालतं. ती दोन वर्षं बधिर राहिली तर तोटा हॉस्पिटलच्या बिलापेक्षा मोठा होईल. यजमानांची भीती अगदी रास्त आहे आणि तिला हसू नका. मात्र त्यावरचा उपाय बहुधा हॉस्पिटलमध्येच सापडेल.

2018 साली सहा अभ्यास एकत्र करून 12,834 रुग्णांमध्ये तीन महिने आणि सहा महिने केमोची तुलना झाली. सगळे रुग्ण मिळून पाहिले तर तीन महिने पुरतातच असं ठामपणे म्हणता आलं नाही. पण टी1 ते टी3 आणि एक ते तीन नोड बाधित, अशा कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी आजार न परतलेले तीन महिन्यांच्या बाजूला 83.1 टक्के होते आणि सहा महिन्यांच्या बाजूला 83.3. तुम्ही लिहिलेला रिपोर्ट, टी3 आणि दोन नोड, याच गटात बसतो. आणि यजमानांना सांगितलेल्या याच दोन औषधांच्या जोडीत नसांचा मध्यम किंवा तीव्र त्रास (मुंग्या, बधिरपणा) सहा महिने घेणाऱ्यांपैकी जवळपास 45 टक्क्यांना झाला, तीन महिने घेणाऱ्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांना. केमोच्या आठऐवजी चार फेऱ्या. बिल निम्म्याच्या आसपास, दुकान बंद राहण्याचे दिवस निम्मे.

तेव्हा डॉक्टरांना जाऊन सरळ विचारा: आमच्या रिपोर्टला तीन महिने चालतील का? चालणार नसतील तर का नाही? त्यांच्याकडे वेगळं कारण असू शकतं, रिपोर्टमधल्या एखाद्या ओळीत. ते ऐकून घ्या. बोटांचं काम असल्याचंही सांगा. मुंग्या वाढल्या तर ऑक्झॅलिप्लॅटिन कमी करून किंवा थांबवून गोळ्या सुरू ठेवता येतात, पण हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, क्लिनिकच्या दरपत्रकाने नाही. ही भेट लांबवू नका. 15 हजारांहून जास्त रुग्णांच्या माहितीवरून 2011 साली निघालेला निष्कर्ष असा, की केमो सुरू व्हायला दर चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका 14 टक्क्यांनी वाढतो. तुमचे पाच आठवडे गेलेले आहेत. बारा आठवडे पॅकेजमध्ये घालवून मग केमोकडे वळू, हा हिशेब इथेच फसतो.

पैशांची विभागणी अशी करा. पहिला हिस्सा विमा वजा जाता केमोचा. दुसरा, वर्षभराचा घरखर्च, यजमानांची कमाई शून्य धरून. तिसरा, पाच वर्षांच्या तपासण्या, स्कॅन आणि सीईए ही रक्ततपासणी. हे तीन हिस्से चालू बचतीतून आणि मुदत संपत आलेल्या ठेवींतून निघतात का ते बघा. निघत नसतील तर निवृत्तीच्या ठेवीचा लहानसा भाग, तोही शेवटी. ती ठेव राखून ठेवायला सांगतोय त्याचं कारण उघड आहे. कॅन्सर परतला तर पुढचे उपचार किती चालतील याला शेवट नसतो, आणि तेव्हा हातात मोडायला काहीतरी उरलेलं असावं लागतं.

व्हिटॅमिनच्या सलाईनचा यजमानांना फारच आग्रह असेल तर एक छोटी रक्कम ठरवा, त्यापलीकडे जाऊ नका, आणि केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बाटली लावू नका. काही पूरक गोष्टी औषधांच्या आड येतात.

क्लिनिकला टोकन दिलं असेल तर आजच लेखी परत मागा. नाही मिळालं तर ते गेलं असं समजा. ते वसूल व्हावं म्हणून उरलेली रक्कम भरू नका.