गावाकडच्या स्वयंपाकघरात लाकडी फ्लोअरिंग की टाइल्स?

टाइल्सच लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, लगेच पावसाळ्याची ओल. लाकूड आकसतं-फुगतं, वाळवी तर टपूनच बसलेली.

पण खरा प्रश्न खालच्या भरणीचा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या मिस्त्रीने ती न काढताच फरशी केली, दुसऱ्या पावसाळ्यात ओट्यापुढच्या चार टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. माती काढून मुरूम भरा, पाणी मारून चांगला चोपून घ्या, मग काँक्रीट.

चकचकीत टाइल नकोच, मॅट घ्या. सांडलेल्या तेलावर आई घसरली तेव्हा आम्हाला अक्कल आली. टाइल्समधले सांधे इपॉक्सीने (राळेच्या, डाग न धरणाऱ्या मसाल्याने) भरा, साध्या सिमेंटात हळद मुरली की निघत नाही. बजेट कमी असेल तर कोटा फरशीही चालते.